गळ्यापासून गुडघ्यापर्यंत

पडद्यापलीकडे कोणीतरी रबरी हातमोजे ओढून काढले आणि दबक्या आवाजात कुरकुर केली, "खालच्या सगळ्या केसेस माझ्याच वाट्याला. वरची आली की मॅडम पुढे, खालची आली की यांची पाठ भरून येते."

"हळू बोल. पेशंट जागी आहे आत."

"असू दे की जागी. कुठून घालणार ते तिला ठाऊक नसेल का?"

बाईंना ठाऊक नव्हतं. त्या उताण्या पडून छतावरचे पांढरे चौकोन बघत होत्या. पोट असं तट्ट फुगलं होतं की त्यापलीकडची स्वतःची पावलं दिसत नव्हती. मनगटाला सलाईन, अंगावर दवाखान्याचा झगा, त्याच्या नाड्या पाठीमागे. नाड्या मागे का, पुढे का नाहीत, असं त्यांनी सकाळीच विचारलं होतं. "असंच असतं, आजी," असं उत्तर मिळालं होतं. पलीकडचं बोलणं त्यांनी ऐकलं आणि शेजारच्या खाटेवरच्या कुणाबद्दल असेल म्हणून सोडून दिलं. शेजारी खाट नव्हती, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

तेवढ्यात पडदा सरकला. कुरकुर करणारी सिस्टर आत आली. गोल चेहऱ्याची, घाईतली. हातातल्या ट्रेमध्ये एक प्लास्टिकची पिशवी, तिला लांब नळी.

"चला आजी, डाव्या कुशीवर वळा. गुडघे पोटाशी घ्या. एनिमा देते."

"तो कशाला?"

"अहो, आत साफ नको का? नाहीतर डॉक्टरांना दुर्बिणीतून काय दिसणार, कप्पाळ?"

"माझी दुर्बीण तोंडातून आहे," बाई म्हणाल्या. "एनिमा दुसऱ्या कुणाचा असेल. नीट बघा."

सिस्टरने बाईंच्या मनगटावरची पट्टी बघितली, मग बाईंकडे बघितलं, मग ट्रे खाली ठेवला.

"तोंडातून म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला?"

"माझ्या मोठ्या मुलानं."

"डॉक्टर आहेत का ते?"

"गाडी चालवायला शिकवतो."

सिस्टरने ओठ आवळले. हसू की रागावू, हे तिचं ठरत नव्हतं. शेवटी ती खाटेच्या कडेला टेकली आणि आवाज उतरवून म्हणाली, "आजी, तुमचं आतडं चिंचोळं झालंय ते पार शेवटाला. तोंडातून तिथवर जायचं म्हणजे सगळं गाव हिंडून मागच्या दारानं घरात शिरायचं. आणि दार तर तिकडेच आहे. खालूनच जातात सगळे. जास्त काही कळत नाही, गुंगीचं औषध देतात. वळा बघू."

बाईंनी झग्याचा घोळ दोन्ही हातांनी गोळा केला आणि मांड्यांखाली घट्ट दाबून धरला.

"मी वळणार नाही."

परवा मोठा याच खाटेशी उभा राहून सांगत होता, ते त्यांना आत्ता जसंच्या तसं दिसलं. गाडीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून पहिल्यात. "काही नाही गं आई, थोडीशी सूज आहे आतड्याला. वाट जराशी अरुंद झालीय. एक बारीकशी जाळी बसवतात, मग सूज उतरली की ऑपरेशन, झालं." बसवतात कशी, असं बाईंनी विचारलं. "दुर्बिणीतून. नळी असते. नळी आत घालतात." कुठून घालतात? मोठ्याची मान लाल झाली होती. पंचावन्नाच्या घरातला माणूस, केस पांढरे, रोज अनोळखी लोकांना शेजारी बसवून क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे ओरडून सांगणारा. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "अशी... वरून." आणि किल्लीनंच स्वतःच्या गळ्याकडे खूण केली.

आणि बाईंनी ते मानलं होतं! नुसतं मानलं नाही, परवापासून त्या मनातल्या मनात घशाची तयारी करत होत्या. ओकारी आली तर लाज जाईल म्हणून जीभ खाली दाबून श्वास घेण्याचा सराव करत होत्या. जीभ खाली दाबून! आणि बाहेर बाकावर तिन्ही मुलं बसून बघत होती, आई किती शहाण्यासारखी तयार झाली म्हणून.

संताप त्यांच्या पोटात मावेना. पोटात आधीच जागा नव्हती.

आता खरं सांगायचं तर मोठ्याला ती भाषा कोणी शिकवलीच नव्हती. त्यांच्या घरात माणसाला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं पोटच असायचं. मूल पडून मांडीवर आपटलं तरी पोटाखाली लागलं, मुलीला पाळी आली तरी पोटात दुखतंय. संडासला जाण्याला 'आत जाऊन येणं' म्हणत. धाकट्यानं शाळेत असताना एकदा पाहुण्यांसमोर म्हटलं होतं, "आमच्या घरात माणसांना कंबर संपली की थेट चप्पल असते." पाहुणे हसले होते. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं होतं की तो त्या दिवशी जेवायला बसला नाही. ही शिस्त बाईंचीच होती. त्यांना ती स्वच्छतेसारखी वाटायची. घर झाडून ठेवावं तसं बोलणं झाडून ठेवलेलं.

पण बोलायचं नाही म्हणजे खोटं बोलायचं असं कधी ठरलं होतं?

दुर्बीणवाले डॉक्टर आले ते सिस्टरने बोलावून आणल्यामुळे. तरुण होते, डोक्यावर निळी टोपी, गळ्यात क्ष-किरणांपासून वाचवणारं जाड आवरण. आल्या आल्या त्यांनी बाईंच्या पोटावर हात ठेवला, दोन बोटांनी ठोकून बघितलं. आतून रिकाम्या पिंपासारखा आवाज आला.

"काय झालं, आजी? छोटीशी तर प्रोसिजर आहे."

"छोटीशी, बारीकशी, थोडीशी," बाई म्हणाल्या. "इथं आल्यापासून मोठं असं काही ऐकलंच नाही मी. पोट तेवढं मोठं आहे. मला नीट सांगा, काय करणार आहात?"

डॉक्टरांनी एकदा दाराकडे बघितलं. मग बहुधा त्यांना बरंच वाटलं असावं, कारण ते स्टूल ओढून बसले आणि खरोखरच नीट सांगू लागले. आतड्याचा शेवटचा भाग आवळत आवळत इतका बारीक झालाय की वरचं काही खाली सरकत नाही. वाराही सरत नाही. म्हणून पोट फुगलंय, म्हणून उलट्या. खालून दुर्बीण घालायची, त्या चिंचोळ्या जागेतून एक पातळ तार पलीकडे न्यायची, आणि तारेवरून जाळी सरकवायची. धातूची असते, आत जाताना मिटलेल्या छत्रीसारखी. जागेवर पोचली की सोडून द्यायची, मग ती आपणहून हळूहळू उघडते आणि भिंती बाजूला सारते. वाट मोकळी. शेजारी पडद्यावर सगळं दिसत असतं. कापाकापी नाही.

"छान सांगता," बाई म्हणाल्या. "परवापासून हे कुणाला जमलं नव्हतं. आता एवढंच सांगा, ते चिंचोळं कशानं झालं?"

डॉक्टरांचा हात मानेकडे गेला.

"तुमच्या मुलांशी सविस्तर बोललोय मी."

"मुलांचं आतडं आवळलंय का?"

ट्रेपाशी उभी असलेली सिस्टर उगीचच नळीची गुंडाळी सोडवू लागली.

"त्यांनी विनंती केली होती," डॉक्टर म्हणाले, "की तुम्हाला ताण येऊ नये."

"आला नाही हं. बघा, किती निवांत पडलेय."

डॉक्टरांनी टोपी काढली. टोपीखालचे केस घामाने चिकटले होते, आणि ते एकदम आणखीनच लहान दिसू लागले.

"आजी, तुम्ही विचारताय, तर मला सांगावंच लागेल. मी सांगतो."

बाईंनी सलाईनचा हात उचलून त्यांना थांबवलं.

"तुम्ही नका. तुम्ही चांगले आहात, पण तुम्ही हे रोज चार जणांना सांगत असाल. तुमच्याकडून ऐकलं की संपलं. ती तिघं बाहेर उठून उभी राहतील, 'चला, कळलं आईला, सुटलो' म्हणून. मग घरी जाऊन पुन्हा थोडीशी आणि जराशी सुरू. मी त्यांच्यात राहायची आहे, डॉक्टर. तुमच्यात नाही. ज्यांनी लपवलं, त्यांच्या तोंडून ऐकेन. मग वळेन कुशीवर."

"आणि नाही सांगितलं त्यांनी तर?"

"तर नाही वळणार."

"आजी, हे आतडं किती ताणलंय ते तुम्हाला कळत नाहीये. ते फाटलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. क्ष-किरणाची खोली आत्ता मिळालीय, नंतर दुसरे पेशंट लागलेत."

"मग बाहेर जाऊन त्यांना घाई करा. मला काय करताय?"

डॉक्टर उठले. जाता जाता सिस्टरला म्हणाले, "एकेकाला सोडा." पण त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

आधी लेक आत आली. पन्नाशी गाठली तरी घरात तिला बेबीच म्हणत. ती रंगाच्या दुकानात काम करायची. लोक उशीचा अभ्रा नाहीतर मुलाचा शर्ट घेऊन यायचे आणि ही त्याला जुळणारा भिंतीचा रंग घोटून द्यायची. फिकट करण्यात तिचा हातखंडा होता.

"आई, काय चाललंय तुझं? सगळे खोळंबलेत. दादाचं चुकलं, त्याला नाही सांगता आलं. आता झालं ना माहीत? मग वळ ना. माझी शहाणी आई ना तू?"

"चिंचोळं कशानं झालं?"

"सूज आहे गं."

"कसली?"

"म्हणजे... जुनी. असते अशी कधी कधी. वयोमानानुसार."

"यकृतात सुई घालून तुकडा काढला तो कशाला? यकृत काय आतड्याच्या शेवटाला असतं?"

बेबीचे डोळे भरले. एरवी एवढ्यावर बाई पुढचा प्रश्न गिळत. आज नाही गिळला.

"रडू नकोस. रडून झाल्यावर पुन्हा म्हणशील, आईला रडवायचं नव्हतं. बोल."

आणि मग बेबी खरंच बोलली. पण जे बोलली ते बाईंना अपेक्षित नव्हतं.

"मी बोलू? तू बोललीस का? तू आधी सांग, न्हाणीघरातले टॉवेल कुठे जात होते? पांढरे होते सगळे, मीच आणलेले. मागच्या उन्हाळ्यात घरी आले तर सगळे गडद. तपकिरी, काळे. आम्हाला वाटलं, आईला हौस आली. मी, आई, मी रंगाच्या दुकानात बसणारी, मला कळलं नाही गडद टॉवेल कशासाठी घेतात ते! कधीपासून जात होतं रक्त? विचारलं की गॅस. डॉक्टरकडे चल म्हटलं की गॅस. आता आमच्यावर डोळे वटारतेस!"

चपराक बसावी तसं बाईंचं तोंड थोडं बाजूला वळलं.

"डॉक्टर म्हणाले, आधी आली असती तर—" बेबी म्हणाली, आणि स्वतःच्याच तोंडावर हात दाबून बाहेर पळाली. पडद्याच्या कड्या बराच वेळ खुळखुळत राहिल्या.

बाईंनी छताकडे बघितलं. आधी आली असती तर. म्हणजे आता उशीर झालाय. एवढं तर गाडी सुटल्यावर फलाटावर पोचणाऱ्यालाही कळतं. त्या काही दुधखुळ्या नव्हत्या. पण कळणं वेगळं आणि कुणी समोर बसून सांगणं वेगळं. नुसतं कळलेलं एकटीनंच वागवायचं असतं. रात्री त्याच्याशी आपणच बोलायचं, सकाळी बाकीच्यांसमोर पुन्हा काहीच न कळल्याचं नाटक आपणच करायचं. टॉवेलांच्या बाबतीत ते त्यांनी करून बघितलं होतं. बेबीचं खरंच होतं. पण म्हणून काय मरेपर्यंत तेच करायचं? यांनी माझ्यासाठी, मी यांच्यासाठी, सगळ्यांनी मिळून एकमेकांना उल्लू बनवायचं आणि त्याला प्रेम म्हणायचं?

कळ आली. खालून उठली, पोटभर फिरली, बरगड्यांखाली अडकली. बाईंनी खाटेची दांडी धरली. सिस्टरने न विचारता आपला हात पुढे केला आणि बाईंनी दांडी सोडून तो धरला.

"हट्ट पुरे झाला, आजी," सिस्टर म्हणाली. "माझी बोटं मोडतायत."

"हट्ट नाही हा." कळ ओसरल्यावर बाई म्हणाल्या. "मी बस स्टँडवर माईकवर होते. काचेची खोली, पुढ्यात माईक, पुढे सगळी माणसं. तीस वर्षं. एकदा लांबची एक गाडी निघालीच नव्हती. बिघडून आगारात पडलेली. साहेब म्हणाले, रद्द म्हणू नका, लोक दंगा करतात. थोड्याच वेळात येईल म्हणा. मी म्हटलं. नवी होते. परत म्हटलं, थोड्याच वेळात. समोर एक बाई बसलेली, कडेवर तापानं फणफणलेलं मूल. प्रत्येक वेळी मी माईक उघडला की ती उठून उभी राहायची. पिशवी उचलायची, मूल खांद्यावर घ्यायची. मग परत बसायची. तिला दुसऱ्या गाडीनं, ट्रकनं, कसंही जाता आलं असतं हो. माझ्या भरवशावर बसली होती."

"मग?"

"मग काय. शेवटी रद्द म्हटलं. दगड आला काचेवर. पण ती बाई गेली. पुन्हा कधी थोड्याच वेळात म्हटलं नाही मी. साहेबांनी दोनदा लेखी विचारलं, तरी नाही."

एनिमाची पिशवी सिस्टरने हूकला अडकवली, म्हणजे वेळ आली की उशीर नको.

धाकटा आत आलाच नाही. पडद्याच्या फटीतून त्याचं नाक तेवढं आलं.

"येऊ का? एका वेळी एकच रडका सोडतायत म्हणे."

"ये."

"नको, इथूनच बरं. आई, तू उगाच मनाला लावून घेतेस. आपण मागच्या दारानं बसमध्ये चढत नाही का? सीट मिळाल्याशी कारण."

एरवी बाई रागावल्याचं दाखवून आतून हसत. धाकट्याला ते नेमकं कळायचं, म्हणून तर तो बोलायचा. आज त्या नुसत्या त्याच्या नाकाकडे बघत राहिल्या. विनोद पडद्यावर आपटून खाली पडला.

"मला काय झालंय रे?"

नाक थरथरलं. धाकट्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडल्यासारखा आवाज आला, पण सवयीनं आधी हसूच आलं, आणि ते त्याला आवरेना, आणि ते हसू नव्हतं.

"दादाला पाठवतो," तो म्हणाला.

मोठा आला तेव्हा बाईंचा राग निवला नव्हता, उलट त्याला चांगली धार चढली होती. मोठा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. किल्ली हातात होती. सिस्टर बाहेर निघाली तशा बाई म्हणाल्या, "तुम्ही थांबा."

"आई, सिस्टर कशाला..."

"त्यांना सगळं ठाऊक आहे. मलाही झालंय. तू सांग. परवा काय म्हणालास, नळी कुठून घालतात?"

"चुकलं माझं."

"ते नंतर. कुठून घालतात?"

मोठ्यानं खाली बघितलं. "खालून."

"खालून म्हणजे? पायाच्या अंगठ्यातून?"

सिस्टरला ठसका लागला. तिनं तोंड फिरवलं.

"आई, का छळतेस? तुला कळलंय ना?"

"मी छळतेय? परवापासून जीभ दाबून श्वास घेतेय मी, इथं पडून! वेड्यासारखी! तू मला आडवी करून आत पाठवणार होतास, आणि आतल्या परक्या माणसांनी माझा झगा वर केल्यावर मला कळणार होतं. गुंगीत. तेव्हा मी कुणाला विचारणार होते रे? तुझी जीभ कशी रेटली, ते जाऊ दे. पण एक शब्द तोंडातून काढायची लाज वाटते म्हणून आईला फसवायचं? तिची लाज परक्यांवर सोपवायची?"

बाईंचा आवाज पडद्याबाहेर गेला असणार. काचेच्या खोलीतला आवाज होता तो, लोकांच्या गोंगाटावरून जाणारा. बाहेर बाकावर कुणीतरी खोकायचं थांबलं.

मोठ्याचा चेहरा जांभळा झाला. त्यानं सिस्टरकडे बघितलं, हूकला लटकणाऱ्या पिशवीकडे बघितलं, आणि परीक्षेत तोंडी उत्तर द्यावं तसा ताठ उभा राहून म्हणाला, "गुदद्वारातून."

इतका शुद्ध शब्द. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीखाली बाणानं दाखवलेला. तो खोलीच्या मधोमध येऊन पडला आणि काहीच झालं नाही. सलाईन थेंबत राहिलं. बाईंनी वर बघितलं, चौकोन जागच्या जागी होते. मोठ्यानंही नकळत वर बघितलं.

"कोसळलं का छत?" बाईंनी विचारलं.

मोठा हसला. एक छोटंसं, खुळ्यासारखं हसू, लहानपणी सायकल पहिल्यांदा न पडता वळवल्यावर हसला होता तसलं. मग ते हसू त्याच्या चेहऱ्यावर कुठे ठेवावं हे त्याला कळेना. तो डॉक्टरांच्या स्टुलावर बसला. स्टूल त्याच्या मानानं फारच लहान होतं.

"आता उरलेलं," बाई म्हणाल्या.

त्यानं किल्ली खाटेवर ठेवली. रिकामे हात गुडघ्यांमध्ये धरले.

"सूज नाहीये ती."

"हं."

"गाठ आहे. कॅन्सरची." शब्द काढून झाल्यावर तो थांबला, आणि आई अजून तशीच बघतेय असं दिसल्यावर पुढे बोलला, "यकृतात गेलाय. सुई घातली होती ती त्यासाठीच."

"सूज उतरली की ऑपरेशन करून सगळं काढून टाकतील, असं म्हणाला होतास."

"नाही करता येणार. पसरलाय. डॉक्टर म्हणाले, फायदा नाही, आणि तुझ्या हृदयाला झेपणार नाही." त्यानं नाक पुसलं, हाताच्या पाठीनं, पोरासारखं. "जाळी पोट मोकळं व्हावं म्हणून आहे. तू घरी यावीस म्हणून. तुला जेवता यावं, मऊ मऊ का होईना. दुखू नये."

"आणि मग?"

मोठा आईच्या डोळ्यांकडे बघायचा, मग कपाळाकडे, मग उशीच्या कोपऱ्याकडे. ओठ हलायचे आणि मिटायचे. बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. त्याच्या भुवईतला एक केस पांढरा, लांब, वेडावाकडा वाढला होता. तो त्यांना आजच दिसला. सगळा राग अजून तिथंच होता, जागचा हलला नव्हता, पण त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं आणि त्यालाही जागा द्यावी लागणार होती.

त्यांनी मांड्यांखाली दाबून धरलेला झगा सोडला. सिस्टरला डोळ्यांनी खूण केली. सिस्टर पुढे झाली, तिनं एक हात त्यांच्या खांद्याखाली आणि एक कमरेखाली घातला. कण्हत, थांबत, पोटाचं ओझं आधी सरकवत, बाई डाव्या कुशीवर वळल्या आणि त्यांनी गुडघे जमतील तेवढे पोटाशी घेतले. आता त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. मोठ्याला त्यांची पाठ दिसत होती, उघडी, मणक्यांची, आणि सुटलेल्या नाड्या.

"आता बोल," त्या भिंतीला म्हणाल्या. "मी बघत नाहीये."

स्टूल करकरलं. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक मोठा, घामेजलेला हात टेकला.

"आई," मोठा म्हणाला, "तू यातून बरी होणार नाहीस."